कडक चहा : तरतरी किती, ताकद किती?



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. ‘दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. तरतरी यावी म्हणून कोणता कडक चहा घ्यावा? पत्ती कोणती वापरावी?’ लिहिणाऱ्या बहुतेक भगिनी होत्या. कुणी फजरला उठून मुलांचे डबे करणारी, कुणी घर सांभाळून शाळेत शिकवणारी, कुणी रात्रपाळीवरून येणाऱ्या नवऱ्यासाठी भल्या पहाटे पुन्हा गॅस पेटवणारी. उत्तर आम्हाला सोपे वाटले होते. दोन-चार प्रकारच्या पत्तींची माहिती द्यायची, उकळण्याची रीत सांगायची आणि मोकळे व्हायचे. पण लिहायला बसण्याआधी आमच्याच घरात एक गोष्ट घडली. ती आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरूनच सुचले आहे.

आमची थोरली भाभी घरात सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या नंतर झोपते. तिच्या हातचा चहा नातेवाइकांत प्रसिद्ध. रंग असा, की पांढऱ्या ओढणीवर थेंब पडला तर दहा धुण्यांत निघायचा नाही. स्वतः ती दिवसाकाठी सहा कप घ्यायची. तरीही जिना चढताना तिला धाप लागे, दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येई, संध्याकाळी पाय ओढत चाले. आणि घरात प्रत्येकाचा उपाय एकच : ‘भाभी, जरा कडक चहा घ्या ना, बरं वाटेल.’ ती घ्यायची. अर्धा-पाऊण तास बरे वाटायचेही.

शेवटी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन निघाले ८.४. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दीड महिन्याने पुन्हा तपासले, तर ८.६. गोळ्या एकही दिवस चुकल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “गोळी कशासोबत घेता?”

भाभी म्हणाली, “सकाळच्या चहासोबत. नुसत्या पाण्याबरोबर मळमळतं.”

बाई काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अहो, एका हातानं देताय आणि दुसऱ्या हातानं काढून घेताय.”

आम्हाला सर्वांत जास्त लागले ते हे, की रोज सकाळी गोळी आणि चहाचा कप एकदम तिच्या हातात देणारे आम्हीच होतो. काळजी म्हणून. तर वाचकहो, कडक चहाची माहिती आम्ही देणारच आहोत, चहा सोडा असे मुळीच सांगणार नाही. पण चहा काय देतो आणि काय देत नाही, हे आधी समजून घेऊ.

चहा अंगात काय करतो?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. तो जितका साठेल तितकी सुस्ती वाढते, झोप येते. शरीराची ती खूण असते : आता थांबा, विश्रांती घ्या. चहातले कॅफिन या अॅडेनोसिनच्या जागा अडवून बसते. खूण पोहोचत नाही आणि आपल्याला वाटते की थकवा गेला. थकवा गेलेला नसतो, फक्त त्याची वर्दी थांबलेली असते. कॅफिन उतरले की साठलेली सगळी सुस्ती एकदम समोर उभी राहते. चार वाजता चहा घेऊन सात वाजता अधिकच गळून गेल्यासारखे वाटते, ते यामुळे.

म्हणजे चहा देतो ते उसने अवसान. उसने वाईट नसते. पाहुणे दारात असताना शेजारून वाटीभर साखर आणतोच की आपण. पण रोजचा संसार उसन्यावर चालत नाही.

कॅफिन पोटात गेल्यापासून साधारण अर्ध्या ते एका तासात रक्तात सर्वांत जास्त असते. निम्मे कॅफिन शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. कुणाला तीन, कुणाला सात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहाचे निम्मे कॅफिन रात्री दहाला अंगात असते. ‘मला तर चहा पिऊनही झोप लागते’ असे म्हणणारे आमच्याही घरात आहेत. झोप लागते, पण ती उथळ होते, आणि सकाळी उठल्यावर पहिला विचार पुन्हा चहाचाच येतो.

चहात थियानिन नावाचा आणखी एक घटक असतो. तो मन निवांत ठेवायला हातभार लावतो. कॉफीने काहींची छाती धडधडते आणि चहाने तितकी धडधडत नाही, त्यामागे चहात कॅफिन कमी असणे हे मुख्य कारण आणि थियानिन हे त्याच्या जोडीचे कारण मानले जाते.

‘कडक’ म्हणजे नेमके काय?

आपण रंगाला कडकपणा समजतो. इथेच पहिली चूक होते. चहाचा लालसर-तपकिरी रंग आणि तोंडातली तुरट चव ही पानातल्या टॅनिन वर्गातल्या द्रव्यांमुळे येते. तरतरी येते कॅफिनमुळे, आणि कॅफिनला स्वतःचा रंगच नाही. पाण्यात पत्ती पडली की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत बहुतेक कॅफिन उतरते. त्यानंतर पंधरा मिनिटे खळखळ उकळत ठेवले, तर वाढतो तो तुरटपणा आणि कडवटपणा. मग तो झाकायला साखर वाढते. काळाकुट्ट उकळलेला चहा म्हणजे जास्त ताकदीचा चहा, ही समजूत आपण मनातून काढून टाकू या.

कडक चहा हवा असेल तर जास्त वेळ उकळण्यापेक्षा पत्ती योग्य निवडावी आणि योग्य मापात घ्यावी.

आपल्या घरोघरी येते ती बहुतेक सीटीसी पत्ती. पान दातेरी रोलरांच्या मधून चिरडायचे, फाडायचे आणि वळवायचे, अशी ही रीत. १९३० साली आसामातल्या एका मळ्यात विल्यम मॅककर्चर यांनी ती काढली. पानाचे बारीक गोल दाणे होतात, त्यामुळे रंग आणि सत्त्व पाण्यात झटपट उतरते. दूध घातले तरी चव टिकते. आपला दुधाचा चहा आज जसा आहे तसा होण्यात या दाण्याचा मोठा वाटा आहे. दुसरी रीत ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान न चिरडता वळून वाळवायचे. दार्जिलिंगचा बहुतेक चहा असा असतो. तो सुगंधी, हलका; बिनदुधाचा प्यायचा. दार्जिलिंगची महागडी पत्ती आणून ती दूध-आले घालून उकळली, तर पैसेही गेले आणि चहाही गेला.

पत्ती घेताना

दुकानात गेल्यावर चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, मूळ. आसामचा चहा दमदार, भरदार चवीचा. दुधाच्या कडक चहासाठी तोच उत्तम. निलगिरीचा चहा त्यापेक्षा हलका आणि खुलत्या वासाचा. बाजारातल्या बहुतेक पुड्यांत निरनिराळ्या मळ्यांचे मिश्रण असते.

दुसरी, दाण्याचा आकार. मोठा दाणा सावकाश उतरतो आणि चव गोलाईची देतो. बारीक डस्ट लगेच रंग सोडते, म्हणून टपरीवाले आणि हॉटेलवाले ती वापरतात. कमी पत्तीत जास्त कप निघतात. डस्ट म्हणजे कचरा नव्हे. पान चाळताना सर्वांत शेवटी राहणारा बारीक भाग म्हणजे डस्ट. मात्र ती थोडी जास्त उकळली की लगेच कडवट होते. घरी तीन भाग दाणेदार आणि एक भाग डस्ट असे मिसळून पाहा. रंगही येतो आणि चवही राहते.

तिसरी, ताजेपणा. पुड्यावरची तारीख पाहावी. पत्ती ओलावा आणि वास दोन्ही पटकन ओढून घेते. मसाल्याच्या डब्याशेजारी उघडी ठेवली तर चहाला धण्या-जिऱ्याचा वास येणारच. घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून दूर ठेवावी.

चौथी, भेसळ. सुटी पत्ती स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे जरूर करावे. गाळणकागदाचा किंवा टिपकागदाचा तुकडा घेऊन त्यावर थोडी पत्ती पसरा. पाणी शिंपडून कागद भिजवा. थोड्या वेळाने पत्ती काढून कागद नळाखाली धुवा आणि उजेडासमोर धरा. शुद्ध पत्तीचा डाग राहत नाही. काळपट-तपकिरी डाग राहिले तर त्या पत्तीत वरून रंग घातलेला आहे, किंवा वापरलेली पत्ती वाळवून रंगवलेली आहे. पत्तीवरून लोहचुंबकही फिरवून पाहावे. यंत्राच्या झिजेने एखाददुसरा कण चिकटला तर एकवेळ ठीक, पण चुंबकाला थर बसला तर ती पत्ती घरात ठेवू नये.

चहा करण्याची रीत

चार कपांसाठी आमच्या घरी आता असे करतो. अडीच कप पाणी उकळायला ठेवावे. त्यात ठेचलेले आले आणि दोन वेलच्या टाकाव्यात. पाण्याला खळखळून उकळी आली की चार लहान चमचे पत्ती सपाट भरून घालावी. कपाला साधारण दोन ग्रॅम हे माप पुरते. आच मंद करून दोन ते तीन मिनिटे होऊ द्यावे. मग दीड कप गरम दूध घालून एक उकळी आणावी, गॅस बंद करावा आणि दोन मिनिटे झाकून ठेवावे. गाळावे आणि लगेच प्यावे.

साखर मोजून घालावी. लहान चमचाभर साखर म्हणजे सुमारे चार ग्रॅम. कपात दोन चमचे घेणारा माणूस पाच कपांत चाळीस ग्रॅम साखर पितो. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे, की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम. म्हणजे मिठाई, शरबत, बिस्किटे सोडून नुसत्या चहानेच माप ओलांडले. चहानंतर येणारी तरतरी कित्येकदा साखरेचीही असते, आणि ती तितक्याच लवकर ओसरते. आमच्या घरी दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलो. महिन्याभरात दोनाचा एक झाला, आणि पाहुण्यांखेरीज कुणाच्या ध्यानातही आले नाही.

एकदा उकळलेल्या पत्तीत पुन्हा पाणी घालून ‘दुसरा हात’ काढू नये. कॅफिन पहिल्याच वेळी उतरलेले असते, उरतो तो नुसता तुरटपणा.

कोणता चहा कधी?

इराणी चहा : याचा काढा बंद भांड्यात मंद आचेवर बराच वेळ ठेवतात आणि आटवलेले दूध वेगळे करून वरून घालतात. चव फार सुरेख, पण तो काढा चांगलाच तीव्र असतो आणि दूध-साखरेमुळे जडही. सकाळी किंवा दुपारी एखादा लहान कप. रात्री नको.

सुलेमानी : आखातात नोकरीला असलेल्या कोकणातल्या अनेक घरांना हा चहा नवा नाही. आमचे मामू सुट्टीवर आले की दूध बाजूलाच राहते. फिकट काळा चहा, लिंबाचे चार थेंब, हवा तर पुदिना. दुधाचे जडपण नाही, साखर कमी पुरते. दुपारच्या सुस्तीवर तो चांगला. लिंबू नेहमी गाळल्यावर, कपात पिळावे.

कहवा : काश्मीरचा. हिरव्या पत्तीत दालचिनी, वेलची, केशर, वरून बदामाचे काप. मांसाहारी जेवणानंतर अनेकांना आवडतो, पण त्यातही चहाचेच पान आहे हे विसरू नये.

गवती चहा : आपल्या अंगणातला. नावात चहा असला तरी हा चहा नव्हे, यात कॅफिन नाही. रात्री काही गरम प्यावेसे वाटले तर नुसत्या गवती चहा-आल्याचा काढा घ्यावा. झोपेला धक्का नाही.

कॉफी : एका कपात चहाच्या जवळपास दुप्पट कॅफिन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार-मार्गदर्शनात १५० मिलीलिटरच्या कपाला चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम, तयार पुडीच्या कॉफीत ५० ते ६५ आणि गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलीग्रॅम कॅफिन धरले आहे. दिवसभराची मर्यादा ३०० मिलीग्रॅम सांगितली आहे. कडक चहा पिणाऱ्यांनी म्हणूनच चार कपांवर थांबावे. तुमचा कप किती मोठा आहे तेही एकदा मापून पाहा. हल्लीच्या मगात दीड कप सहज मावतो.

आणि मुलगे आणतात ती डब्यातली ‘ऊर्जा पेये’? २५० मिलीलिटरच्या एका डब्यात साधारण ७५ ते ८० मिलीग्रॅम कॅफिन आणि बहुतेकदा पाच-सहा चमचे साखर. घरच्या चहापेक्षा त्यात वेगळी ताकद काही नाही, किंमत मात्र कित्येक पट.

आता मुख्य मुद्दा : चहा आणि रक्त

चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवते आणि ते शरीरात शोषले जाऊ देत नाही. पालेभाज्या, डाळी, बाजरी, खजूर यांतल्या लोहाचे शोषण, जेवणासोबत चहा घेतला तर निम्म्याहून अधिक घटू शकते. मांसातल्या लोहाला चहाचा तितका अडथळा होत नाही. पण आपल्यापैकी किती घरांत रोज गोश्त शिजते? आणि शिजले तरी घरातल्या बाईच्या ताटात शेवटी किती तुकडे येतात, हे प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावे. आमच्या घरी आम्ही पाहिले. रस्सा आणि बटाटा.

आता आपली न्याहारी आठवा. चहा-चपाती, चहा-पाव, चहा-खारी. म्हणजे दिवसाचा पहिला घास आपण चहात बुडवूनच घेतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ज्या भगिनींनी आम्हाला ‘कडक चहा कोणता’ असे विचारले, त्यांतल्या किती जणींना खरे तर चहाची नव्हे, रक्ताची कमतरता असेल?

थकवा येतो म्हणून कडक चहा. कडक चहाने लोह अडते. लोह अडले की थकवा वाढतो. थकवा वाढला म्हणून आणखी कडक चहा. भाभी या चक्रात कित्येक वर्षे फिरत होती आणि आम्ही तिला पुढचा कप देत होतो.

म्हणून हे नियम लिहून स्वयंपाकघरात लावावेत :

जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. राष्ट्रीय पोषण संस्थेचाही हाच सल्ला आहे.

लोहाची गोळी चहा, कॉफी किंवा दुधासोबत घेऊ नये. पाण्यासोबत घ्यावी, लिंबूपाणी असेल तर अधिक चांगले. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलावी, जेवणानंतर किंवा रात्री घ्यावी. गोळी बंद मात्र करू नये. थायरॉइडची गोळीही रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यायची असते. तिच्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहाचे नाव नको.

गरोदर स्त्रीने दिवसाला २०० मिलीग्रॅमच्या आत राहावे, म्हणजे दोन ते तीन लहान कप. शेवटच्या महिन्यांत तिच्या शरीरातून कॅफिन फार सावकाश जाते, पंधरा-पंधरा तास राहू शकते, आणि ते बाळापर्यंतही पोहोचते. ‘तिला अशक्तपणा आहे, चहा दे’ असे म्हणणाऱ्या सासवांना आम्ही अदबीने सांगू इच्छितो, की चहाच्या जागी दूध, अंडे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की द्या.

लहान मुलांना चहा देऊच नये. वीस किलो वजनाच्या मुलाला एक कडक कप म्हणजे त्याच्या दिवसभराच्या मर्यादेइतके कॅफिन. चहात बिस्किट बुडवून पोट भरले की ते मूल डाळ-भाकरीही धड खात नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे : थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल, धाप लागत असेल, केस फार गळत असतील, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल, माती-खडू खावेसे वाटत असेल, तर चहाची पत्ती बदलू नका, रक्त तपासा. स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ही तपासणी आणि लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. थायरॉइड, मधुमेह, ब जीवनसत्त्वाची कमतरता, अपुरी झोप, मनावरचे ओझे, अशीही थकव्याची कारणे असतात. चहा यांपैकी एकाही दुखण्याला बरे करत नाही. फक्त ते लपवतो.

रोज्यांच्या दिवसांत

दरवर्षी रमजानच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घरोघरी डोके धरून बसलेली माणसे दिसतात. सगळे म्हणतात, रोजा लागला. पुष्कळदा लागलेला असतो तो चहा. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याचा चहा एकदम तुटला की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते. उपाय सोपा आहे. शाबान सुरू झाला की दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत जावे. पहिल्या रोज्यापर्यंत दोनावर आले की डोकेदुखी बहुतेक टळते.

सहरीला आधी पोटभर पाणी आणि खाणे. चहा घ्यायचाच तर लहान कप, आणि शक्य असेल तर खाण्याच्या आधी बराच वेळ. सहरीच्या शेवटच्या पाच मिनिटांत घाईघाईने घशाखाली उतरवलेला उकळता कडक चहा पोटात जळजळ करतो, आणि खाल्लेल्या अन्नातले लोहही अडवतो. इफ्तारलाही खजुराच्या पाठोपाठ चहा नको. मगरिब होऊ द्यावी, जेवण होऊ द्यावे, त्यानंतर तासाभराने एक कप. तरावीहनंतर गप्पा रंगतात आणि केटली फिरते, हे आम्हालाही ठाऊक आहे. त्या वेळी गवती चहा-आल्याचा काढा ठेवून पाहा. पहाटे उठायचे आहे, आणि झोप आधीच अपुरी आहे.

मग तरतरीसाठी चहा घ्यावा की नाही?

घ्यावा. आम्हीही हे लिहिताना घेतला आहे. दिवसाचे तीन कप ठरवावेत आणि त्यांच्या वेळा ठरवाव्यात. सकाळी न्याहारीच्या तासभर आधी किंवा नंतर एक. अकराच्या सुमारास एक. दुपारी साडेतीन-चारला शेवटचा. दुपारच्या चहाआधी एक पेला पाणी प्यावे आणि शक्य असेल तर पंधरा मिनिटे पडावे. कित्येकदा आपण तहानेलाच थकवा समजतो. रात्री अभ्यास करणाऱ्या मुलांना दहाला कडक चहा देण्यापेक्षा दहाला झोपवून पहाटे उठवावे. वाचलेले डोक्यात बसते ते झोपेत.

भाभीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. गोळी रात्रीच्या जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत गेली. न्याहारीचा चहा तासभर पुढे सरकला; चपातीसोबत आता अंडे किंवा मेथीची भाजी असते. सहा कपांचे तीन झाले. आणि एक नियम दादींनी केला : गोश्त शिजले की पहिले ताट भाभीचे वाढायचे. तीन महिन्यांनी रक्त तपासले. ११.३. अल्हम्दुलिल्लाह.

परवा ती जिना चढून गच्चीवर वाळत घातलेले कपडे घेऊन आली आणि धाप न लागता म्हणाली, “चहा कोण टाकतंय?” घरात सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तिचा चहा आजवर कुणी टाकलाच नव्हता. त्या दिवशी आमच्या धाकट्या भावाने टाकला. पत्ती कमी पडली होती, आले जाड ठेचले होते, दूध उतू गेले. भाभीने तो खुर्चीवर बसून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

वाचकहो, आज घरी एवढे करा. आपल्या घरात लोहाची गोळी कोण घेते आणि ती कशासोबत घेते, ते विचारा. विचारताना चहा तुम्हीच टाका.

खुदा हाफिज.